वाळवंटातील इमारत: वीज वाचवायची की पाणी, हा प्रश्न येण्याआधी

आपला प्रश्न मी जसा समजलो तसा आधी मांडतो. उष्ण वाळवंटी प्रदेशात, समुद्रापासून दूर, एक दुमजली प्रशिक्षण केंद्र बांधायचे आहे. तळमजल्यावर वर्गखोल्या आणि कार्यशाळा, वरच्या मजल्यावर साठ प्रशिक्षणार्थींची राहण्याची सोय, आणि गच्ची साधारण ५०० चौरस मीटरची. वीज आणि पाणी दोन्ही कमी लागले पाहिजे, अशी मालकांची अट आहे. त्यासाठी आपण दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वायुमनोरा (उंचावरचा वारा पकडून खोलीत आणणारा मनोरा), कारंज्याचा चौक, हिरवी गच्ची, दुहेरी काचा, पाण्याचे कूलर आणि सौर पॅनेल अशी यादी केली आहे आणि खर्चाच्या मर्यादेत यातले काय ठेवावे व काय गाळावे, असे विचारले आहे.

मला खरी अडचण साधनांच्या निवडीत दिसत नाही. या यादीतील काही गोष्टी वीज वाचवण्यासाठी पाणी खर्च करतात, काही पाणी वाचवण्यासाठी वीज मागतात, आणि हिरवी गच्ची तर दोन्ही मागते, कारण तिला रोज पाणी द्यावे लागते आणि ते वर चढवावे लागते. वाळवंटात वीज आणि पाणी यांचा हिशोब एकाच वहीत लिहावा लागतो. त्या वहीचे पहिले पान म्हणजे इमारतीत किती उष्णता शिरते. जी उष्णता आत शिरलीच नाही, ती बाहेर काढायला वीजही लागत नाही आणि पाणीही लागत नाही. म्हणून मी आपल्या यादीचा क्रम मोडून उत्तर देणार आहे.

त्याआधी हे मान्य केले पाहिजे की बरेच काही जागेवर अवलंबून आहे. 'उष्ण वाळवंट' हे नाव आपण अगदी भिन्न हवामानांना देतो. इराणमधील यझ्द समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. तेथील उन्हाळा कोरडा असतो आणि रात्री तापमान चांगले उतरते. अबू धाबी हेही वाळवंटच, परंतु समुद्रकाठचे. ऑगस्टमध्ये तेथे रात्रीही तापमान ३० अंशांच्या आसपास रेंगाळते आणि हवा दमट असते. अ‍ॅरिझोनातील फिनिक्समध्ये जून कोरडा जातो, पण जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी ओलावा येतो, आणि जूनमध्ये उत्तम चाललेले कूलर तेव्हा नुसते दमट वारे फेकू लागतात.

हा फरक आकड्यांत पाहिला की नीट कळतो. समजा दुपारची हवा ४२ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता १५ टक्के आहे. अशा हवेचे वेट-बल्ब तापमान, म्हणजे नुसते पाणी उडवून (त्याची वाफ होऊ देऊन) ती जास्तीत जास्त जितकी थंड करता येईल ती मर्यादा, सुमारे २२ अंश येते. चांगला कूलर त्या फरकाचा ८० टक्के पल्ला गाठतो, म्हणजे आत साधारण २६ अंशांची हवा येते. आता समुद्रकाठची ३८ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तेथे मर्यादाच ३१ अंशांजवळ आहे, आणि कूलरमधून येणारी हवा ३२ अंशांची आणि चिकट असेल. तापमापकावर दुसरी जागा चार अंशांनी सुसह्य दिसते, तरी पाण्याचा उपाय तेथे निकामी ठरतो. आपली जागा समुद्रापासून दूर आहे, म्हणून पुढचे सारे विवेचन कोरड्या हवेला धरून आहे. तरीही वर्षातून काही आठवडे ओलावा येतो का, हे तपासल्याशिवाय कोणतेही यंत्र पक्के करू नये.

आता उष्णता कुठून शिरते ते पाहू. दुमजली पसरट इमारतीत पहिला मान गच्चीचा. २५ अक्षांशाच्या आसपास जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ८८ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. त्या वेळी भिंतींवर ऊन घसरते आणि गच्चीवर सरळ पडते, चौरस मीटरला सुमारे १००० वॅट. गडद गच्चीचा पृष्ठभाग ७० अंशांच्या पुढे जातो. ऊन जमेस धरून गच्चीवरचे दिवसरात्रीचे सरासरी परिणामी तापमान ५० अंश मानले आणि आत २६ अंश ठेवायचे म्हटले, तर १५ सेंटीमीटरच्या उघड्या काँक्रीट स्लॅबमधून दर चौरस मीटरला ७० ते ८० वॅट उष्णता खाली येत राहते. आपल्या ५०० चौरस मीटरच्या गच्चीसाठी हे ३५ ते ४० किलोवॅट झाले, म्हणजे दहा टनांहून अधिक क्षमतेचा एसी केवळ स्लॅबशी झुंजण्यासाठी. त्याच स्लॅबवर १० सेंटीमीटर जाडीचे एक्सपीएस (थर्मोकोलसारख्या पण घट्ट फेसाचे) इन्सुलेशन टाकले तर ही उष्णता दहाव्या हिश्श्यावर येते आणि एका टनात भागते. हा हिशोब ढोबळ आहे, पण त्यातील दहापटीचा फरक खरा आहे.

इन्सुलेशन स्लॅबच्या वर हवे, खाली नको. वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर इन्सुलेशनचे ठोकळे, त्यावर वजनासाठी आणि संरक्षणासाठी फरसबंदी, असा क्रम मी ठेवतो. असे केल्याने स्लॅब सावलीत राहतो, उन्हातान्हात कमी फुगतो-आकसतो, आणि खोलीच्या बाजूने थंडावा साठवण्यासाठी मोकळा राहतो. अनेक ठिकाणी मात्र फॉल्स सीलिंगच्या वर ग्लासवूल पसरून काम झाले असे मानले जाते. त्यात स्लॅब तापतच राहतो, तडकतो, आणि त्याच्या वजनाचा आपल्याला काही उपयोग होत नाही. पांढऱ्या रंगाबद्दलही आपण विचारले आहे. चांगला पांढरा लेप नवा असताना ७० ते ८० टक्के ऊन परतवतो, परंतु वाळवंटातली धूळ त्याला एक-दोन वर्षांत मळकट करते, आणि तो धुवायला पुन्हा पाणी लागते. म्हणून रंग अवश्य द्यावा, पण त्याला इन्सुलेशनची जोड मानावे, बदली मानू नये. पॅनेल गच्चीपासून हातभर उंचीवर बसवले तर त्यांची सावलीही मिळते, फक्त खालून वारा खेळला पाहिजे. पॅनेल जितके तापते तितकी वीज कमी देते, २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के, आणि कडक उन्हात ते सहज ६५ अंशांपर्यंत पोहोचते.

गच्चीनंतर काच. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हाळी दुपारी चौरस मीटरला ७०० वॅटपर्यंत ऊन पडते आणि साधी काच त्यातले सुमारे ८५ टक्के आत सोडते. म्हणजे पश्चिमेला १० चौरस मीटर खिडक्या ठेवल्या की ६ किलोवॅट आत आले. दुहेरी काचेचा येथे फारसा उपयोग होत नाही. ती आत-बाहेरच्या तापमानांतील फरकामुळे होणारे वहन कमी करते, ऊन मात्र दोन्ही काचांतून आत येतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवावे लागते. जैसलमेरच्या हवेल्यांतील दगडी जाळी हेच करते. अबू धाबीत २०१२ साली पूर्ण झालेल्या अल बहर मनोऱ्यांवर प्रत्येकी हजाराहून अधिक घडीच्या छत्र्या सूर्यामागोमाग उघडतात आणि मिटतात, त्यांचेही तत्त्व जाळीचेच आहे. पण धुळीत चालणारे इतके हलते भाग सांभाळायला कायम माणसे लागतात, म्हणून आपल्या दुमजली इमारतीत मी त्या वाटेला जाणार नाही. इमारत पूर्व-पश्चिम लांबट ठेवावी, दक्षिणेच्या खिडक्यांवर आडवा छज्जा द्यावा, उत्तरेला दोन्ही बाजूंनी उभ्या पट्ट्या द्याव्यात, कारण उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिकडेही ऊन येते, आणि पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहे व कोठारे टाकून खिडक्यांचा प्रश्नच मिटवावा. पश्चिमेच्या खिडकीवरचा आडवा छज्जा ही केवळ शोभा आहे. चारनंतरचा सूर्य त्याच्या खालून येतो.

फटींतून शिरणाऱ्या हवेकडे नकाशावर कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून एक आकडा देतो. बाहेर ४४ अंश आणि आत २६ अंश असताना तासाला १०० घनमीटर हवा दाराखालून, चौकटीच्या फटींतून आणि एक्झॉस्ट पंख्याच्या उघड्या भोकातून आली, तर ती सुमारे ०.६ किलोवॅट उष्णता घेऊन येते. त्या हवेबरोबर धूळ येते आणि धुळीमागोमाग झाडलोटीचे व पुसण्याचे पाणी येते. मुख्य दाराला दुहेरी दालन द्यावे आणि चौकटी भिंतीशी नीट सील कराव्यात. या कामाला खर्च थोडा आणि देखरेख फार लागते.

आता आपल्या जाड भिंती. येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या काळात मी एका वसतिगृहाला पश्चिमेकडे पाऊण हात जाडीची दगडी भिंत दिली होती, इन्सुलेशनशिवाय, 'जुन्या लोकांना कळत होते' अशा श्रद्धेने. पहिल्याच उन्हाळ्यात तक्रार आली म्हणून मी एक रात्र तेथे राहिलो. मध्यरात्री बाहेर छान वारा होता, खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि मुले खाटा ओढत अंगणात नेत होती. खोलीत जाऊन भिंतीवर तळहात ठेवला तर ती ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी लागली. चारच्या सुमारास पडलेले ऊन त्या भिंतीतून दहा-अकरा तास चालत मुलांच्या उशापाशी नेमके झोपेच्या वेळी पोहोचत होते.

जाड माती किंवा दगड उष्णतेला उशीर करतो, अडवत मात्र फारसा नाही. ४० सेंटीमीटरची मातीची भिंत उष्णतेच्या वहनाला जितका विरोध करते, तितका दोन सेंटीमीटर पॉलिस्टायरीनही करते. दोन्ही गुण हवे असतील तर वजनदार भिंत आत आणि इन्सुलेशन बाहेर, असा क्रम लागतो. मग भिंतीला उन्हाचा पत्ताच लागत नाही आणि तिचे वजन आतल्या हवेला स्थिर ठेवण्याच्या कामी येते. दुसरी गोष्ट म्हणजे वापराची वेळ. वर्गखोल्या दिवसा वापरात असतात, त्यांना जड बांधकाम मानवते, कारण उशिरा येणारी उष्णता खोली रिकामी झाल्यावर पोहोचते. निवासी खोल्या रात्रीच्या आहेत. त्यांना हलक्या, चांगल्या इन्सुलेशनच्या भिंती द्याव्यात, ज्या सूर्यास्तानंतर तासाभरात निवतात. लिबियातील घदामेस या जुन्या शहरात लोक दिवस खालच्या झाकलेल्या गल्ल्यांत आणि खोल्यांत काढत आणि रात्री गच्च्यांवर जात. आपल्या इमारतीत वर्ग खाली आणि निवास वर असा क्रम आधीच आहे, तो उत्तम आहे. त्याला साजेशा दोन वेगळ्या भिंती द्या, सरसकट दोन फूट नको. आणि वरच्या मजल्यालगत झोपण्याजोगी एखादी उघडी सज्जाची जागा ठेवता आली तर अवश्य ठेवा.

जड बांधकामाचा खरा उपयोग रात्री त्याला थंड करता आले तरच होतो. दिवस आणि रात्र यांत १२ ते १५ अंशांचा फरक असेल आणि पहाटेची हवा २२ अंशांच्या खाली जात असेल, तर रात्री तासाला दहा वेळा खोलीतली हवा बदलेल इतके वायुवीजन करून स्लॅब आणि भिंती निववता येतात, आणि सकाळी सारे बंद करून तो थंडावा दुपारपर्यंत पुरवता येतो. येथे अडचण शास्त्राची नसते. रात्री नऊ वाजता चौकीदार फेरी मारतो आणि सगळ्या खिडक्या लावून घेतो. चोरी, साप, डास, वादळ यांपैकी कशाचे तरी भय त्याला असतेच आणि ते रास्त असते. म्हणून रात्रीच्या हवेसाठी खिडकीपेक्षा वेगळे झरोके द्यावेत: लोखंडी जाळीचे, डासांच्या जाळीचे, आतून एकाच दांड्याने उघडणारे, आणि जिन्याच्या माथ्यावर एक मोठा एक्झॉस्ट पंखा टायमरवर. माणसाला रोज आठवणीने करावी लागणारी गोष्ट तिसऱ्या आठवड्यात बंद पडते, असा माझा अनुभव आहे.

वायुमनोऱ्याबद्दल आपल्याला विशेष ओढ दिसते, म्हणून थोडे थांबून लिहितो. यझ्दच्या दौलताबाद बागेतील बादगीर, म्हणजे तिकडचा वायुमनोरा, सुमारे ३३ मीटर उंच आहे आणि तो पाहून कोणालाही मोह पडावा. पण मनोरा स्वतः हवा थंड करत नाही, तो फक्त वारा खाली आणतो. दुपारी ४२ अंशांचा वारा खाली आला तर खोलीत ४२ अंशांचाच वारा येईल. यझ्दमध्ये तो वारा पाण्याच्या हौदावरून किंवा तळघरातून, कधी कनातीच्या, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या बोगद्याच्या, ओलाव्यावरून फिरवला जाई. अमेरिकेतील झायन राष्ट्रीय उद्यानाच्या अभ्यागत केंद्रात, २००० सालापासून, मनोऱ्याच्या माथ्यावर ओले पॅड बसवले आहेत. त्यांतून थंड झालेली हवा जड होऊन पंख्याशिवाय खाली उतरते. म्हणजे मनोरा चालवायचा तर पाणी आलेच. अबू धाबीच्या मसदार सिटीतील ४५ मीटरचा वायुमनोरा खोल्यांसाठी नसून मोकळ्या चौकासाठी आहे, हेही ध्यानात घ्यावे. आपल्या केंद्रात मनोरा उभारायचाच असेल तर तो कार्यशाळेपुरता उभारावा; का, ते पुढे येते.

चौक ठेवावा, पण अरुंद. त्याची रुंदी भिंतींच्या उंचीपेक्षा जास्त झाली की तो दुपारी भट्टी होतो. कोरड्या निरभ्र आकाशाखाली उघडा पृष्ठभाग रात्री चौरस मीटरला ६० ते १०० वॅट उष्णता आकाशाकडे टाकू शकतो. चौकाचा खरा फायदा तो आहे, आणि त्यासाठी कारंजे लागत नाही. कारंज्याऐवजी एक सावलीचे झाड लावावे.

जमिनीच्या गारव्याविषयीही एक गैरसमज असतो. काही मीटर खोलीवर जमिनीचे तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असते. ऑस्ट्रेलियातील कूबर पेडीची जमिनीखालची घरे वर्षभर साधारण २३ ते २५ अंशांवर राहतात, कारण तेथील सरासरीच मुळात कमी आहे. अबू धाबीची सरासरी २८ अंशांजवळ आहे, तेथे जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून थंड हवा कुठून येणार? आपल्या जागेची सरासरी २२ अंशांच्या वर असेल तर हा विचार सोडून द्यावा.

हे सारे केल्यावरही काही उष्णता उरते: माणसांची, यंत्रांची, ताज्या हवेची. ती काढायला पाणी वापरावे की वीज, हा आपला मूळ प्रश्न आता विचारता येतो. एक लिटर पाणी उडताना सुमारे ०.६७ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता शोषते. तीन युनिट उष्णतेला एक युनिट वीज या हिशोबाने चालणाऱ्या एसीला तेवढ्यासाठी ०.२२ युनिट वीज लागेल. हा आकडा पाहून कूलर जिंकला असे वाटते. परंतु साध्या खोलीत कूलर ४२ अंशांची हवा २६ वर आणतो, ती खोलीत २९ पर्यंत तापते आणि खिडकीतून निघून जाते. सोळा अंशांच्या मेहनतीपैकी खोलीच्या वाट्याला तीनच अंश आले. म्हणजे लिटरमागे खरी बचत ०.०४ युनिटच्या आसपास, आणि त्यातूनही पंख्याची वीज वजा करायची.

याच्या उलट, जेथे बाहेरची हवा मोठ्या प्रमाणात घ्यावीच लागते, तेथे ते सोळाच्या सोळा अंश कामी येतात, कारण ती हवा एसीनेही थंड करावीच लागली असती. वेल्डिंगची कार्यशाळा आणि स्वयंपाकघर या अशा जागा आहेत. म्हणून कूलर किंवा ओल्या पॅडचा मनोरा कार्यशाळेला आणि स्वयंपाकघराला द्यावा, आणि वर्गखोल्या व निवासी खोल्यांना छतपंखे व लहान इन्व्हर्टर एसी द्यावेत, असे माझे मत आहे. पंख्याचा वारा असेल तर एसी २८ अंशांवर ठेवूनही त्रास होत नाही, आणि दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. वर्गांसाठी लागणारी ताजी हवा अप्रत्यक्ष कूलरमधून घेता येईल, ज्यात पाणी दुसऱ्या प्रवाहात उडते आणि खोलीतला ओलावा वाढत नाही.

हा निर्णय पाणी कुठून येते यावरही ठरतो. समुद्राचे पाणी आरओने गोडे करायला घनमीटरला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते, म्हणजे लिटरला ०.००४ युनिटच्या आत. अशा पाण्याचा कूलर विजेच्या हिशोबात परवडतो. बोअरचे पाणी जर हजारो वर्षांपूर्वी मुरलेले आणि पुन्हा न भरणारे असेल, तर त्याची किंमत युनिटमध्ये मांडता येत नाही आणि मी ते उडवणार नाही. उलट बाजूही आहे: कूलिंग टॉवर असलेले औष्णिक वीजकेंद्र एका युनिटमागे दोनएक लिटर पाणी उडवते, म्हणजे एसीही दूर कुठेतरी पाणी पितोच, फक्त आपल्याला दिसत नाही. छपरावरच्या पॅनेलची वीज वापरली तर हा खर्च जवळपास संपतो, आणि ऊन व एसीची गरज दोन्ही एकाच वेळी वाढत असल्याने जोडी चांगली जमते. पॅनेल शक्यतो कोरड्या ब्रशने पुसावेत.

कूलरच्या पाण्यातील क्षार उडत नाहीत, मागे राहतात. जड पाण्यावर चाललेले पॅड दुसऱ्या उन्हाळ्यात काढून पाहा: कडेला चुन्याच्या खपल्या धरलेल्या असतात, हाताने मोडल्या की पापडासारख्या तुटतात, आणि हवा उरलेल्या निम्म्या भागातून वाट काढत असते. क्षारता मूळ पाण्याच्या तिप्पट होऊ द्यायची असे ठरवले, तर जितके पाणी उडते त्याच्या निम्मे मुद्दाम सोडून द्यावे लागते. हे सोडलेले पाणी फ्लशला वापरावे.

पाण्याच्या बाजूला तीन आकडे शेजारी ठेवले की बाकी चर्चा लहान होते. आपल्या गच्चीवर वर्षाला १५० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर २० टक्के वाया जाऊन ६०,००० लिटर पाणी मिळते. साठ माणसांच्या आंघोळीचे व हात धुण्याचे पाणी, माणशी ५० लिटर आणि वर्षाचे ३०० दिवस धरून, ९ लाख लिटर होते. आणि हिरवळ? लास वेगासच्या परिसरात हिरवळ काढून वाळवंटी झाडे लावल्यावर दर चौरस मीटरला वर्षाकाठी सुमारे २२०० लिटर पाणी वाचल्याचे तेथील जलप्राधिकरणाच्या अभ्यासात दिसले. त्या हिशोबाने ५०० चौरस मीटरची हिरवळ, मग ती अंगणात असो वा गच्चीवर, ११ लाख लिटर मागते. म्हणजे सारा पाऊस आणि सारे आंघोळीचे पाणी देऊनही तिची तहान भागणार नाही. नेवाडा राज्याने २०२१ साली केवळ शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचे पाणी देण्यास २०२६ च्या अखेरीनंतर कायद्यानेच मनाई केली, ती उगीच नाही.

म्हणून आंघोळीच्या पाण्याला मी पावसापेक्षा वरचे स्थान देतो. त्याची नळजोडणी शौचालयाच्या पाण्यापासून पहिल्या दिवसापासून वेगळी हवी, कारण स्लॅब झाल्यावर ती वेगळी करणे फार महाग पडते. गाळून व निर्जंतुक करून ते फ्लशला, आणि उरलेले ठिबकने झाडांना. साबणातील क्षार मातीत साठतात, म्हणून क्षार सोसणारी झाडेच निवडावीत. सांडपाण्याला कमी लेखण्याचे कारण नाही: अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातील पालो व्हर्दे अणुवीज केंद्र शहरांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर थंड केले जाते.

पावसाचे पाणी थोडे असले तरी ते सर्वांत कमी क्षाराचे असते, आणि म्हणून पिण्यासाठी व कूलरसाठी राखून ठेवावे. वाळवंटातला पाऊस दोन-तीन सरींत उरकतो, त्यामुळे टाकीचे माप वार्षिक सरासरीवरून न काढता एका जोरदार सरीवरून काढावे. टाकी झाकलेली आणि जमिनीखाली हवी, थरच्या वाळवंटात पावसाचे पाणी साठवणारा टांका असतो तशी. उघड्या तळ्यातून वर्षाला दोन मीटरहून अधिक पाणी नुसते उडून जाते.

जमिनीखालची टाकी आणखी एका कारणासाठी हवी. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी मे-जूनमध्ये इतके तापते की माणसे नळ सोडून गार पाण्याची वाट पाहत उभी राहतात, आणि ते सगळे पाणी गटारात जाते. मी पाहिलेल्या एका वसतिगृहात नळांना पाणी वाचवणारे महागडे एरेटर बसवले होते आणि टाकी मात्र उन्हात होती. तेथे रोज दुपारी हाच प्रकार चाले. वर ठेवायचीच असेल तर पॅनेलच्या सावलीत, इन्सुलेशन गुंडाळून, लहान टाकी ठेवावी आणि मुख्य साठा खाली असावा.

आतापर्यंतचा क्रम पुन्हा एकदा: गच्चीचे इन्सुलेशन, काचेबाहेरची सावली आणि फटी यांवर पहिला पैसा, मग खाली जड व वर हलक्या भिंती आणि रात्रीचे झरोके, मग कार्यशाळेला पाण्याचा आणि खोल्यांना विजेचा थंडावा, आणि नळजोडणी सुरुवातीपासून वेगळी.

पुढचा सल्ला नेमका देण्यासाठी मला चार गोष्टी लागतील. जवळच्या हवामान केंद्राची तासागणिक नोंद, निदान मे ते सप्टेंबरची, ज्यात आर्द्रता आहे. बोअर किंवा पुरवठ्याच्या पाण्याची क्षारता. उन्हाळी सुटीत वसतिगृह रिकामे असते का. आणि वीज रात्री खात्रीने मिळते का. सुटीचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण सर्वांत कडक सहा आठवडे इमारत बंद असेल तर एसीची क्षमता तिसऱ्या हिश्श्याने उतरवता येण्याची शक्यता आहे. ही माहिती येईपर्यंत वायुमनोरा नकाशात पेन्सिलीने ठेवा. हिरवी गच्ची मात्र आजच खोडून टाकली तरी चालेल.